मुलीच्या सॉकर टीमचं कोचिंग गळ्यात पडतंय, घेऊ का?

खोखोची_पोर
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलगी दुसरीत आहे, टाउनच्या रेक (म्हणजे हौशी) सॉकरला नाव घातलंय. परवा मेल आला की तुमच्या टीमला अजून कोच मिळालेला नाही, पालकांपैकी कोणी पुढे आलं नाही तर मुलींना बाकीच्या टीम्समध्ये वाटून टाकू. वाटून म्हणजे काय तर हिची शेजारची मैत्रीण एकीकडे आणि ही दुसरीकडे, त्यामुळे घरात रडारड. नवरा म्हणतो तू घे, तू खेळाडू आहेस. अहो पण मी खेळलेय ते खोखो! सांगलीत, शाळेपासून ते थेट युनिव्हर्सिटीपर्यंत. फुटबॉल मी वर्ल्डकप फायनलपलीकडे पाहिलेला नाही आणि ऑफसाइड म्हणजे काय हे अजून दर वेळी नवऱ्याला विचारते. वर नोकरी फुल टाइम.

इथे कोणी केलंय का हे? किती वेळ जातो? कधी न खेळलेल्या बाईने शिकवलं तर हसं होतं का? आणि खरं सांगू का, भीती पोरींची नाहीच, त्यांच्या आईबापांची आहे.

पोहे_विथ_कॉफी
बिनधास्त घे. आधी तुझी ऑफसाइडची काळजी मिटवते, त्या वयात ऑफसाइड नसतोच :) यू-८ (आठ वर्षांपर्यंतचा गट) म्हणजे चार विरुद्ध चार, गोलकीपर नाही, दहा-दहा मिनिटांची चार क्वार्टर आणि तीन नंबरचा छोटा बॉल. हेडिंगही नाही. दहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांसाठी यूएस सॉकरने (इथली राष्ट्रीय फुटबॉल संघटना) २०१५ मध्येच ते बंद करायचं ठरवलं, मुद्दाम डोक्याने मारला तर समोरच्या टीमला इनडायरेक्ट फ्री किक. स्कोअर बहुतेक ठिकाणी अधिकृतपणे लिहीत नाहीत (पोरी ठेवतात, त्यांना विचार, गोलसकट सांगतील).

आमच्याकडे कॅलिफोर्नियात, बे एरियात, एवायएसओ (अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन) आहे. १९६४ ला लॉस एंजेलिसजवळ टॉरन्समध्ये सुरू झाली आणि आजही मुख्यतः पालकांच्याच जिवावर चालते. प्रत्येक मूल निदान अर्धी मॅच खेळलंच पाहिजे, हा त्यांचा नियम. मला विचारशील तर त्या वयात कोचचं नव्वद टक्के काम या एकाच ओळीत आलं. कोण बाहेर बसलंय, किती वेळ बसलंय, सगळ्या बसल्या का आळीपाळीने, एवढं कागदावर लिहून ठेवलंस की आईबाप निम्मे गप्प होतात.

प्रॅक्टिसचं म्हणशील तर चित्र डोळ्यासमोर आण. एकीची लेस सुटलेली, एकीने शिनगार्ड मोज्यावरून चढवलेला, एक गोलच्या जाळीत बोटं अडकवून उभी, एक खाली बसून क्लोव्हर तोडतेय आणि एक तुझा हात धरून सांगतेय की आमच्या कुत्र्याला काल उलटी झाली. यात टॅक्टिक्स कुठे बसवणार? बॉल टाकला की सगळ्या त्याच्यावर, गुळाला मुंगळे. पसरा, पसरा म्हणून घसा फोडू नकोस, त्या वयात ते असंच दिसायला पाहिजे.

तीन गोष्टी टाळायच्या. रांगेत उभं करायचं नाही, मैदानाला चकरा मारायला लावायच्या नाहीत, भाषण द्यायचं नाही. प्रत्येकीच्या पायात बॉल. आल्या आल्या छोटी मॅच, मग मध्ये एखादी गोष्ट शिकवायची, मग परत मॅच. यूएस सॉकरचा ग्रासरूट्सचा ऑनलाइन कोर्सही हेच प्ले-प्रॅक्टिस-प्ले सांगतो, पहिला छोटा मॉड्यूल फुकट आहे, चहा पिता पिता होतो.

वेळ: आठवड्यात एक प्रॅक्टिस, शनिवारी मॅच, आणि मेलामेली. मेलामेलीला सगळ्यात जास्त.

कोल्हापुरी_टेक्सासकर
ताई, काय बी भिऊ नका. फुटबॉल कळत नाही म्हणून माणूस अडत असता तर आमच्या शाहू स्टेडियमची निम्मी गॅलरी रिकामी राहिली असती 😂 पाटाकडील विरुद्ध दिलबहार असली की गॅलरीतला प्रत्येक जण कोच असतोय, आणि आयुष्यात बॉलला पाय न लावलेला सगळ्यात मोठ्यानं ओरडतोय. आमच्या तालमी मूळच्या कुस्तीच्या, पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, सगळ्या पुढं फुटबॉलच्या टीम झाल्या. लाल मातीतली माणसं फुटबॉल शिकली तर खोखोवालीनं का शिकू नये. आमच्या गावचा अनिकेत जाधव २०१७ ला अंडर सेव्हन्टीन वर्ल्डकप खेळलाय, उगीच सांगून ठेवतो.

आता कामाचं. खोखोवाल्याकडं जे असतंय ते इथल्या फुटबॉल खेळलेल्या बापाकडं नसतंय. वाकून पळणं, पळता पळता दिशा बदलणं, हुलकावणी देणं, समोरच्याची कंबर बघून तो कुठं वळणार हे ओळखणं. सात-आठ वर्षाच्या पोरीला ड्रिबलिंग म्हणजे दुसरं काय शिकवायचंय?

मी पोरांना विषामृत खेळवतो, बॉलसकट. सगळ्यांच्या पायात बॉल, दोघांवर राज्य. ज्याला विष दिलं त्यानं बॉल डोक्यावर धरून पाय फाकून उभं राहायचं, दुसऱ्यानं आपला बॉल त्याच्या दोन पायांमधून काढला की अमृत, परत पळायला मोकळा. ड्रिबलिंग झालं, पासिंग झालं, मान वर करून बघणं झालं, आणि पोरांना पत्ताच नाही की ड्रिल चाललंय. नंतर कळलं की गोऱ्यांच्या कोचिंगच्या पुस्तकात हेच फ्रीझ टॅग म्हणून आहे. असूदे, आमची पोरं विषामृतच म्हणत्यात. एक टेक्सन पोरगं घरी जाऊन आईला सांगतंय आय वॉज विष टुडे.

गोटीराम
आय वॉज विष टुडे 😂😂 मेलो

बंड्या
मी उलटं सांगतो. घेऊ नका.

सगळे इथे गोड गोड लिहितायत म्हणून लिहावंसं वाटलं. पालक कोच म्हणजे शेवटी स्वतःच्या पोराचा कोच. आमच्याकडे एका ट्रॅव्हल बेसबॉल टीममध्ये (नाव लिहीत नाही) हेड कोचचा मुलगा शॉर्टस्टॉप, असिस्टंटचा मुलगा पिचर, आणि माझा मुलगा अख्खा सीझन राइट फील्डमध्ये उभा, जिथे बॉल कधीच येत नाही. विचारायला गेलो तर म्हणाले तुम्हीही व्हॉलंटिअर करा ना. म्हणजे व्हॉलंटिअर केलं की पोराला जागा मिळते, असाच अर्थ झाला की नाही? याला इथे डॅडी बॉल म्हणतात आणि त्यावर लोक हसतात, पण ज्याचं पोर गाडीत मागे बसून रडतं त्याला हसू येत नाही. त्यापेक्षा पैसे घेणारा कोच परवडला, त्याचं पोर टीममध्ये नसतं.

गोटीराम
बंड्या, तुमचा राग पटतो पण ट्रॅव्हल आणि रेक यात घोळ करू नका. ट्रॅव्हलला ट्रायआउट (निवड चाचणी) असतात, जिंकायचं असतं, हजारो डॉलर भरलेले असतात, तिथे डॅडी बॉलला खतपाणी मिळतंच. लिटल लीगमध्ये (१९३९ पासून चालू आहे हे, पेनसिल्व्हेनियात विल्यम्सपोर्टला) साधारणपणे प्रत्येक पोराला निदान सहा आउट होईपर्यंत फील्डिंग आणि एकदा तरी बॅटिंग द्यावीच लागते, कोचच्या मर्जीवर नाही.

आणि सगळ्यांनी कोचच व्हायला पाहिजे असं कुठे आहे? मला बेसबॉलमधलं ढिम्म कळत नव्हतं, बॉल बॅटला लागला नाही तरी माणूस पळतो कसा (कॅचरने सोडलेला तिसरा स्ट्राइक! याच्यावर वेगळा धागा काढेन) इथपासून सुरुवात. तर मला पिच मोजायला बसवलं. हातात क्लिकर, पिचरने बॉल टाकला की टक. सात-आठ वर्षांच्या पोराला दिवसाला ५० पिच, नऊ-दहाला ७५, अकरा-बाराला ८५, त्याच्यावर गेला की उतरवायचा आणि जितके टाकले त्या हिशोबाने पुढचे दिवस सुट्टी. २००७ पासून नियम आहे हा, पोरांची कोपरं खराब होतात म्हणून. पहिल्याच वर्षी एक कोच मला म्हणाला अजून एकच बॅटर आहे, मोजू नकोस ना इतकं. मी म्हटलं मी मुंबईच्या मैदानात वाढलोय, तिथे आम्ही चांगल्या बोलरकडून उन्हात दिवसभर बोलिंग करून घ्यायचो आणि तो पंचविशीत खांदा धरून फिरायचा, मी मोजणार. तो काही फार खूश झाला नाही.

कर्वेनगरकर
वाचतोय, मजा येतेय. आमच्या पुण्यात उलटी गंगा. मुलाला क्रिकेट अकॅडमीत घातलंय, तिथे बोर्डच लावलाय की पालकांनी नेटच्या आत येऊ नये. तरी पन्नास आईबाप जाळीला नाक लावून उभे असतात आणि प्रत्येक बॉलला 'एल्बो वर, एल्बो वर'. पैसे भरलेत म्हणजे आपण गिऱ्हाईक, गिऱ्हाईक कशाला मैदानातले प्लास्टिकचे कोन उचलेल. पालकांनी टीम चालवायची ही कल्पनाच नाही आपल्याकडे, शाळेत पीटीचे सर, नाहीतर क्लास.

नाना_सदाशिव
कर्वेनगरकर, 'कल्पनाच नाही' हे मान्य नाही. खोखो-कबड्डीची मंडळं कोणाच्या बळावर चालली? नोकरी सुटल्यावर सायकलवर मैदानावर येणारे माजी खेळाडू, दिवे लागेपर्यंत मुलांना पळवणारे, एक पैसा न घेणारे. त्यात कित्येकांची स्वतःची मुलेही असत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खोखोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही आपण जिंकलो आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्रातले, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. हे अशा मैदानांतूनच आले. आणि घरातल्या गुरूचेच म्हणाल तर खाशाबा जाधव. गोळेश्वरला वडील दादासाहेब स्वतः पैलवान, पहिले धडे त्यांच्याकडचे, पुढे १९५२ ला हेलसिंकीत कांस्य.

सध्या मी मुलीकडे न्यू जर्सीतच आलो आहे. नातवाच्या सामन्याला मागच्या शनिवारी गेलो होतो. मी दोनदाच 'अरे मार ना!' म्हणालो तर जावई जवळ येऊन हळूच म्हणाले, नाना, इथे बाहेरून सूचना द्यायच्या नसतात. टाळ्या चालतात म्हणे. आमच्या सौ. ने सगळ्या मुलांसाठी प्रेमाने शेंगदाण्याची चिक्की करून नेली होती, ती तर डब्यातून बाहेरच काढू दिली नाही.

पोहे_विथ_कॉफी
नाना 😂 चिक्कीचं खरंच मनावर घ्या हो, टीममध्ये एखादं तरी मूल शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचं असतं आणि ती अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते. खोखोची_पोर, हे सीझन सुरू व्हायच्या आधी सगळ्या पालकांना विचारून घे: अ‍ॅलर्जी, दमा, इनहेलर कुठल्या बॅगेत. स्नॅकची यादी टीमस्नॅप अ‍ॅपवर टाक, प्रत्येक शनिवारी एकेका घराचा नंबर.

नानांच्या जावयांचं बरोबर आहे पण. बाहेरून पाच जण पाच गोष्टी ओरडतात, शूट, पास, गो बॅक, आणि मूल मध्येच थांबून आईकडे बघतं, तोवर बॉल गेलेला असतो. रेफरी बऱ्याचदा तेरा-चौदा वर्षांची पोरंच असतात, शनिवारी पॉकेटमनी कमवायला आलेली, त्यांच्यावर मोठी माणसं ओरडतात हे बघवत नाही. म्हणून कित्येक पोरं हे काम सोडून देतात.

अवलीया
आता खरं बोलू का. आपली लोकं हे करतच नाहीत. टीममध्ये निम्मी मुलं देशी आणि कोच, असिस्टंट, टीम मॉम सगळे गोरे. आपले बाबा खुर्ची उघडून फोनवर, आई पार्किंगमध्ये गाडीत. मॅथ कॉम्पिटिशनला बरे सगळे व्हॉलंटिअर होतात. आणि मग इथे येऊन डॅडी बॉलच्या नावाने गळे काढायचे.

बंड्या
माझ्यावर रोख असेल तर स्पष्ट लिहा.

अवलीया
टोपी बसली तर घाला.

साधीसुधी
अवलीया, इतकं सोपं नसतं हो. मी कित्येक वर्षं एच-४ वर (नवऱ्याच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) होते, कशाला हात लावायचा म्हटलं की पहिला विचार स्टेटसला धक्का लागणार नाही ना. गाडीत बसलेली ती आई काय विचार करत असते तुम्हाला काय माहीत. इथे अजून कोणी त्याच प्रश्नात असेल म्हणून लिहिते: नॉन-प्रॉफिट लीगमध्ये, जे काम एरवीही सगळे फुकटच करतात ते आपणही फुकट केलं तर साधारणपणे अडचण नसते. फक्त काही लीग कोचला मुलाच्या फीमध्ये सूट देतात किंवा सीझनच्या शेवटी गिफ्ट कार्ड देतात, ते मोबदला धरलं जाऊ शकतं. मी सरळ नको म्हणून मेलवर लिहून दिलं होतं. शंका असेल तर वकिलाला विचारा, धाग्यावर विसंबू नका.

आणि दुसरं म्हणजे भाषा. माझं इंग्रजी बरं आहे पण पन्नास माणसांसमोर मैदानात ओरडायचं इंग्रजी वेगळं असतं. पहिल्या दिवशी माझ्या तोंडातून 'पळ पळ पळ' च बाहेर पडलं. मुलांना काही फरक पडला नाही, पळाली.

खोखोची_पोर
बापरे केवढे प्रतिसाद, सगळ्यांचे आभार. कोल्हापुरी दादा, विषामृत घेतलं. नाना, आपण एकाच राज्यात आहोत, आणि प्रियांका इंगळेचं नाव इथे वाचून भरून आलं.

अजून तीन शंका. एक, कोणाला लागलं बिगलं तर माझ्यावर केस होऊ शकते का? नवऱ्याचा हाच मुद्दा आहे. दोन, बॅकग्राउंड चेक वगैरे किती किचकट आहे? तीन, स्वतःची मुलगी टीममध्ये असते त्याचं काय करायचं, बंड्यांनी लिहिलं ते डोक्यातून जात नाहीये.

विमा_मावशी
पहिल्या दोनचं मी सांगते, पोटापाण्याचा धंदाच तो.

न्यू जर्सीत असशील तर रटगर्स युनिव्हर्सिटीचं सेफ्टी क्लिनिक (कोचसाठीचा सुरक्षेचा वर्ग) कर, तीन तासांचं असतं, टाउन बहुधा स्वतःच भरवतं किंवा ऑनलाइन पाठवतं. न्यू जर्सीत १९८६ चा एक कायदा आहे, बोलताना त्याला लिटल लीग लॉ म्हणतात, त्यात व्हॉलंटिअर कोचला दिवाणी दाव्यापासून बऱ्यापैकी संरक्षण आहे, पण ते मिळायला राज्याच्या निकषांप्रमाणे ट्रेनिंग झालेलं असावं लागतं. म्हणून ते सर्टिफिकेट जपून ठेव, नुसतं मेलमध्ये पडू देऊ नकोस. वर देशपातळीवर १९९७ चा व्हॉलंटिअर प्रोटेक्शन अ‍ॅक्ट आहेच. दोन्हीत एक गोष्ट समान: साधी चूक माफ, बेफिकिरी माफ नाही. वीज कडाडत असताना पोरांना मैदानात ठेवलं किंवा डोक्याला मार लागलेल्या मुलीला 'काही होत नाही, खेळ' म्हणून परत पाठवलं तर कुठलाच कायदा मदतीला येत नाही. गोलची पोस्ट नीट गाडलेली किंवा सँडबॅगने दाबलेली आहे का हे आधी बघ, मोकळी पोस्ट मुलांवर पडून जीव गेलेत.

कागद: बॅकग्राउंड चेक ऑनलाइन भरायचा. सीडीसीचा (सरकारी आरोग्य संस्था) हेड्स अप हा कन्कशनचा, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला होणाऱ्या इजेचा, कोर्स फुकट आहे. डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी बाहेर, त्या दिवशी परत आत नाही, डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय पुढेही नाही, आई कितीही म्हणाली तरी. आणि सेफस्पोर्ट, म्हणजे खेळात मुलांचं शोषण होऊ नये म्हणूनचं ट्रेनिंग. २०१८ मध्ये कायदा झाल्यापासून हे गंभीरपणे घेतात. त्यातली एक गोष्ट आपल्या लोकांना पटकन पचत नाही म्हणून मुद्दाम लिहिते: दुसऱ्याच्या मुलीला एकटीला गाडीत घालून घरी सोडायचं नाही. आपण वाढलोय 'चल गं, सोडते तुला' वर. प्रॅक्टिस संपली, अंधार पडतोय, एकीची आई ट्रॅफिकमध्ये अडकलीय, मेसेज आलाय की प्लीज घेऊन या ना, तरी नाही. अजून एका मोठ्या माणसाला थांबवून घ्यायचं आणि तिथेच उघड्यावर वाट बघायची. तसंच मुलींना एकेकट्या मेसेज करायचे नाहीत, आईबाप सोबत हवेत. असिस्टंट कोच आधी शोध ते यासाठीच, ड्रिलसाठी नव्हे.

साधीसुधी
हे सोडण्याचं अगदी खरं. एका ओळखीच्या मराठी आईलाच मी नाही म्हटलं होतं, नंतर हळदीकुंकवाला बोलावलं नाही मला 🙄

रानमेवा
तिसऱ्या प्रश्नावर लिहिते, कारण आमच्या घरी नवरा कोच आहे, धाकटीच्या टीमचा, यू-१०, सात विरुद्ध सात.

बंड्या म्हणतात ते होतंच, पण देशी बापांच्यात मी त्याच्या बरोबर उलटं जास्त पाहिलंय. आमच्या ह्यांना इतकी धास्ती की कोणी आपल्याला डॅडी बॉल म्हणेल, की स्वतःच्या मुलीला कायम डिफेन्सला. बसवायची वेळ आली की पहिली तीच बाहेर. कोणी पाणी सांडलं, कोणी बडबड केली, ओरडा हिला, का तर दुसऱ्याच्या मुलींना ओरडता येत नाही. ही बिचारी काही बोलायची नाही. एकदा जेवताना शांतपणे म्हणाली, बाबा, मी जर दुसऱ्या कोणाची तरी मुलगी असते तर मला फॉरवर्डला खेळू दिलं असतंस का? ह्यांचा घास हातातच राहिला. मी मुद्दाम मध्ये पडले नाही, होऊ दिली शांतता.

त्यानंतर ठरवलं ते असं. जागा फिरत्या, कागदावर, आठवडा आधी सगळ्या पालकांना मेल. त्यात हिचं नाव बाकीच्यांसारखंच येतं. हिला काही समजवायचं असेल तर ते असिस्टंट समजावतो, त्याच्या मुलीला हे. आणि गाडीत मॅचबद्दल तिने विषय काढला तरच. पहिले काही शनिवार ती काढायचीच नाही, हे स्टिअरिंग धरून नुसते तळमळायचे 😄 आता कधी कधी तीच सुरू होते, त्या लाल बुटवालीने मला कसं चुकवलं बघितलंस का, वगैरे.

बाकी कोचची मुलगी असण्याचा एक फायदा तिला मिळतोच, तो मान्य करूया. कोन, पिनी (टीम ओळखायला वरून घालायचे रंगीत बनियन), बॉलची पिशवी सगळं आमच्या गॅरेजमध्ये असतं, त्यामुळे ती रोज खेळते.

बंड्या
रानमेवा, हे प्रामाणिक लिहिलंत. माझं मत बदललेलं नाही पण त्या टीमला असा कागद मिळाला असता तर मी भांडायला गेलोच नसतो. कोण कुठे खेळणार हे आधी कळलं तर मूलही तयारीने जातं.

मेलबर्नची_माऊ
आमच्याकडची गंमत: ज्युनिअर क्रिकेट. इथे कोच एकटाच नसतो, सगळ्याच आईबापांना कामं. अंपायर आपल्यातलेच, स्कोअर आपणच प्लेएचक्यू अ‍ॅपवर टाकायचा, कॅन्टीनची पाळी, सॉसेज भाजायची पाळी. वर्किंग विथ चिल्ड्रन चेक काढावा लागतो, व्हॉलंटिअरना फुकट, पाच वर्षं चालतो. लहान गटात प्रत्येकाला ठरावीक बॉल बॅटिंग, आउट झाला तरी उभा राहतो, आणि सगळ्यांना बोलिंग. हे आपल्या बाबा लोकांना अजिबात सहन होत नाही. आउट आहे ना तो? मग जा ना बाहेर! माझा नवरा अंपायर असताना तीनदा बोट वर करायला गेला, सवयीने.

क्रिकेटमध्ये मात्र आपले लोक खुर्चीवर बसत नाहीत, अवलीया. तिथे उलट आवरावं लागतं.

अवलीया
हे मान्य. क्रिकेट आलं की आपण सगळे आचरेकर सर.

कोल्हापुरी_टेक्सासकर
आचरेकर सर स्टंपवर एक रुपया ठेवायचे, आउट न होता राहिला तर सचिनचा. आपल्या बापांनी तेवढंच उचललं, गोल मारला तर आयफोन. नका करू असलं काही. माझ्या टीममध्ये एकजण पोराला प्रत्येक गोलला पाच डॉलर द्यायचा. पोरगं पासच देईना झालं. शेवटी बापाला म्हटलं, द्यायचेच तर पासला पाच द्या, गोलला एक. पुढच्या मॅचला ते पोरगं मोकळा गोल समोर असताना पास देतंय 🤦 मग पैसेच बंद करायला लावले.

गोटीराम
+१ आणि 😂

खोखोची_पोर
अपडेट देते. हो म्हणून कळवलं! रटगर्सचं क्लिनिक झालं, हेड्स अप झालं, सर्टिफिकेटांचं वेगळं फोल्डर केलंय विमा मावशी. असिस्टंट म्हणून एक बाबा मिळाले, हैतीचे आहेत, लहानपणी खूप खेळलेत, पण मेल लिहायचा कंटाळा. मला मेल लिहायला काही वाटत नाही. जमलं.

पालकांना पहिला मेल टाकला, चारच ओळी: सगळ्या सारख्याच खेळणार, जागा फिरणार, बाहेरून फक्त टाळ्या, तक्रार असेल तर मॅचच्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी फोन. लगेच एका आईचं उत्तर की माझी मुलगी आधी क्लबमध्ये खेळलीय, तिला जास्त चॅलेंज लागेल. मी लिहिलं, हो, तिला डाव्या पायाने खेळायला सांगेन. यावर काही उत्तर आलेलं नाही, चांगलं की वाईट कळत नाही.

पहिली प्रॅक्टिस काल झाली. कुत्र्याला उलटीवाली मुलगी खरंच असते!! आमच्याकडे हॅमस्टर आहे पण. विषामृत तुफान चाललं, नंतर मी बॉल बाजूला ठेवून त्यांना पाटीवर बसतात तसं आडवंतिडवं बसवून खो द्यायला शिकवलं. असिस्टंट बाबा डोळे विस्फारून बघत होते, मग स्वतःच जाऊन बसले रांगेत, त्यांना खो मिळाल्यावर उठेपर्यंत पोरगी पसार. माझी लेक मात्र अर्धा वेळ रुसलेली, कारण मी तिला सगळ्यांसारखं नावाने हाक मारली, घरात आम्ही तिला चिऊ म्हणतो. रानमेवा, हे तुमच्या यादीत नव्हतं.

रानमेवा
चिऊ म्हणायचं नाही हां चुकूनही, अख्खी टीम चिऊ म्हणायला लागेल. आमच्या 'सोनू'चं झालंय ते, शाळेपर्यंत पोचलंय.

कर्वेनगरकर
धागा बायकोला वाचून दाखवला. अकॅडमीच्या सरांना विचारलं रविवारी बॉल गोळा करायला आलो तर चालेल का. त्यांनी आधी संशयाने बघितलं, मग म्हणाले या, पण तोंड बंद.

कोल्हापुरी_टेक्सासकर
अट बरोबर आहे 😂

नाना_सदाशिव
खोखोची_पोर, अभिनंदन. सामने कुठे असतात ते कळवा, जावई गाडी काढतील. फक्त टाळ्या वाजवीन. सौ. विचारत आहेत, राजगिऱ्याचे लाडू चालतात का?

खोखोची_पोर
नाना नक्की या, शनिवारी सकाळी नऊला आहे, पत्ता मेसेज करते. घरी केलेलं काहीच चालत नाही हो, लीगचा नियम, पाकीटबंद आणि त्यावर शेंगदाणा नाही असं छापलेलं हवं. केळी चालतात. काकूंना म्हणावं लाडू माझ्यासाठी आणा.